चपटा की मोठा

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या बाजूला एक अंधारी खोली होती. खोली म्हणायची एवढंच. एक उंच खुर्ची, समोरच्या भिंतीवर उजेडाच्या पेटीतली अक्षरं आणि कोपऱ्यात सुट्या काचांचा लाकडी डबा. एवढं मावल्यावर दार लावताना पोट आत घ्यावं लागायचं. त्या खोलीत बाई लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायच्या. गिऱ्हाइकाच्या नाकावर चाचणीचा तो जड, गोल सांगाडा चढवायचा, त्यात एक काच सरकवायची, मग ती काढून दुसरी, आणि विचारायचं, "आधीचं बरं होतं की हे बरं?"

माणसं पटकन सांगून मोकळी व्हायची. "हे बरं." "छे, आधीचं." शाळेतल्या पोरींपासून हात थरथरणाऱ्या आजोबांपर्यंत कुणी अडखळायचं नाही. बाईंना याचं फार अप्रूप वाटे. त्या खुर्चीत त्यांना स्वतःला कुणी बसवलं असतं, तर दुकान बंद करायची वेळ झाली असती आणि बाई अजून म्हणत असत्या, "थांबा, बघू."

'थांबा-बघू' हे त्यांचं घरातलं नावच होतं. नवऱ्यानं ठेवलेलं. नवरा फ्रिज दुरुस्त करायचा, आणि बिघडलेल्या वस्तूला एकदा हात लावून निकाल सांगायची सवय त्याला घरातही होती. हॉटेलात वेटर दुसऱ्यांदा येऊन उभा राहिला की तो म्हणे, "यांना माझ्यासारखंच आणा. नाहीतर तुमची ड्यूटी संपेल आणि यांचं ठरायचं नाही." बाई यावर रुसत नसत, कारण बोलणं खोटं नव्हतं. पडदे घ्यायचे ठरले तेव्हा त्यांनी निळ्या आणि करड्या कापडाचा एकेक तुकडा आणून खिडकीच्या दोन बाजूंना टाचला होता, चार दिवस बघून ठरवू म्हणून. ते तुकडे उन्हानं विटले, पुढे पायपुसणी झाले, आणि खिडकी तशीच उघडी राहिली. कुणी विचारलं तर बाईच हसून सांगत, "आमच्याकडे उजेड फार आवडतो हो."

अशा बाईंच्या गळ्यात कॅमेरा निवडायचं काम पडलं, ते एका जांभळ्या फ्रेमवरून.

गाडी चालवायला शिकवणारे एक गृहस्थ दुकानात आले होते. नंबर दणदणीत. नवी फ्रेम निवडायची तर जुना चष्मा काढावा लागतो, आणि चष्मा काढला की समोरच्या आरशात धुकं. त्यांनी एक रिकामी फ्रेम डोळ्यांवर चढवली, धुक्याकडे रोखून बघितलं आणि विचारलं, "कशी दिसतेय?"

"छान दिसतेय," बाई म्हणाल्या. खरंच छान दिसत होती.

चष्मा तयार होऊन गेला आणि त्याच आठवड्यात गृहस्थ परत आले. चष्मा काउंटरवर आपटला. "हा जांभळा आहे!"

"हो, जांभळाच आहे."

"मग तुम्ही सांगायचं नाही?"

"तुम्ही रंग नाही विचारलात. कशी दिसतेय म्हणालात."

"अहो, शिकायला येणारा प्रत्येक माणूस रस्त्याऐवजी माझ्या तोंडाकडे बघतोय! काल एकानं गाडी दुभाजकावर चढवली!"

मालकांनी मुकाट्यानं फ्रेम बदलून दिली. मालक कमी बोलणारे, केस पांढरे झालेले, गिऱ्हाईक गेल्याशिवाय कधी आवाज न चढवणारे, आणि गेल्यावरही न चढवणारे. त्यांनी बाईंना समोर बसवलं. "यावर मी पूर्वीपासून विचार करतोय," ते म्हणाले. "ज्यांचा नंबर मोठा, त्यांना रिकामी फ्रेम घातली की स्वतःचं तोंड दिसत नाही. आपण म्हणतो छान, ते म्हणतात बरं. हा आंधळा व्यवहार झाला. त्यापेक्षा एक डिजिटल कॅमेरा घेऊ. फ्रेम चढवली की फोटो काढायचा. मग त्यांनी आपला जुना चष्मा लावून तो फोटो निवांत बघायचा."

"कल्पना फार छान आहे," बाई म्हणाल्या.

"मग तुम्हीच निवडून आणा. तुमचा काचांशी रोजचा संबंध."

बाईंना खिडकीवरचे ते दोन तुकडे आठवले. पण मनात कुठेतरी त्या सुखावल्याही. काचांशी रोजचा संबंध! हे त्यांना कुणी असं तोंडावर म्हटलं नव्हतं. संध्याकाळी त्यांनी घरी हे सांगितलं, तर नवरा हातातला पाना खाली ठेवून हसत सुटला. "तुमच्या मालकांना दुकान बंद करायचंय का?"

खिशातल्या फोननं कुणीही उठून फोटो काढायचे दिवस तेव्हा अजून यायचे होते. कॅमेरा घ्यायचा म्हणजे कॅमेऱ्याच्या दुकानात जायचं. ते दोन गल्ल्या सोडून होतं. तिथले विक्रेते भल्या मोठ्या मिशांचे, आणि बोलता बोलता शर्टाच्या टोकानं कॅमेऱ्याची काच पुसायची त्यांना सवय. बाई आत शिरल्या आणि पहिलं वाक्य तोंडातून निघालं ते, "अहो, शर्टानं नका पुसू!" त्या दिवसापासून मिशीवाले बाईंना थोडे वचकूनच राहिले.

त्यांनी काउंटरवर दोन कॅमेरे ठेवले. एक अल्ट्राकॉम्पॅक्ट. चपटा, रुपेरी, साबणाच्या वडीएवढा. बटण दाबलं की कासवानं मान काढावी तशी त्यातून भिंग बाहेर यायचं आणि काम झालं की गुपचूप आत जायचं. दुसरा डीएसएलआर. "नव्यानं शिकणाऱ्यांसाठी आहे मॅडम," मिशीवाले म्हणाले, "पण घराण्यानं मोठा." तो काळा, धष्टपुष्ट, हातात घेतला की बोटं आपोआप जागेवर बसायची. पुढची भिंगं बदलता यायची. मागल्या वर्षीचं मॉडेल, त्यामुळे किंमत उतरून जवळजवळ त्या चपट्याच्या किमतीवर आलेली. म्हणजे पैशानं निवाडा होण्याची सोय नव्हती. बाईंचं घोडं अडायला एवढं पुरेसं होतं.

आणि त्यात ते चाक. मोठ्या कॅमेऱ्यात डोळा लावून बघायची जी खिडकी असते, तिच्या शेजारी नखाएवढं एक चाक होतं. ते फिरवलं की आतलं चित्र आपल्या डोळ्याच्या नंबराप्रमाणे स्पष्ट व्हायचं. बाई थक्क झाल्या. म्हणजे या कॅमेऱ्याला नंबर काढता येतो! त्या चाक फिरवत राहिल्या, इकडे दोन घरं, तिकडे दोन घरं. मग त्यांनी कॅमेरा मिशीवाल्यांच्या डोळ्याला लावला आणि सवयीनं विचारलं, "आधीचं बरं होतं की हे बरं?"

"हे बरं."

"आणि आता?"

"आता आणखी बरं."

"आणि हे शेवटपर्यंत फिरवलं तर?"

"अरे वा! आता रस्त्यापलीकडची पाटी वाचता येतेय!"

बाईंनी कॅमेरा खाली घेतला. "तुम्हाला नंबर आहे. चांगलाच आहे. इतके दिवस कसं चालवलंत?" असं झालं. कॅमेरा आणायला गेलेल्या बाई कॅमेरा न घेता चष्म्याचं एक गिऱ्हाईक पटवून परत आल्या. मालकांनी मिशीवाल्यांचं नाव वहीत टिपून घेतलं.

मग फेऱ्या सुरू झाल्या. बाई दुपारी जेवण लवकर उरकून तिथं जाऊ लागल्या. चपटा हातात घेतला की वाटे, हाच. किती सुटसुटीत. मोठा हातात घेतला की वाटे, अगं, साबण विकत घ्यायला आलीस का? कमी उजेडात फोटो कितपत बरे येतात ते त्या विचारत, बॅटरी किती टिकते ते विचारत, आणि उत्तर मिळालं की तेच दुसऱ्या शब्दांत परत विचारत. त्या दिसल्या की मिशीवाले न सांगताच दोन्ही कॅमेरे काढून ठेवत आणि आपण जाऊन दुसऱ्या टोकाला पेट्या लावत बसत.

घरीही विषय शिजत होताच. "रोज किती फोटो काढायचेत?" नवऱ्यानं विचारलं.

"दहाबारा."

"किती लांबून?"

"काउंटरच्या अलीकडून पलीकडे."

"चपटा घे. संपलं."

"अहो, पण मोठ्याची काच..."

"हे बघ, फ्रिज घ्यायला येणारी माणसं अगदी असंच करतात. घरात माणसं दोन, आणि डोळा दुकानातल्या सगळ्यांत मोठ्या फ्रिजवर. सहा महिन्यांनी मी दुरुस्तीला जातो तेव्हा आत असतं काय? पाण्याच्या बाटल्या आणि एक सुकलेलं लिंबू."

वरच्या मजल्यावर वन्सं राहायच्या, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. त्यांना सहलींचा नाद. त्यांच्याकडे असाच एक चपटा कॅमेरा होता आणि त्यांनी काढलेल्या प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात त्यांचा अंगठा होता. त्यांचं मत बरोबर उलटं पडलं. "मोठाच घे गं. माझ्या त्या वडीला कुणी विचारत नाही. मी फोटो काढायला उभी राहते आणि माणसं खुशाल मधून चालत जातात. त्यांना वाटतं बाई तळहात वाचतेय. मोठा कॅमेरा असता तर वाकून गेली असती."

बाईंनी मान डोलावली. वन्सं अगदी मनातलं बोलल्या होत्या. कारण खरी गोष्ट बाई कुणाला सांगत नव्हत्या. खरी गोष्ट अशी, की मोठा कॅमेरा हातात घेतला की त्यांना दुकानातलं गिऱ्हाईक दिसतच नसे. त्यांना दिसत त्या स्वतः. पुष्कळ खिशांचं एक जाकीट घातलेल्या, गच्चीच्या कठड्यावर कोपर टेकलेल्या, श्वास रोखून एखाद्या पक्ष्याची वाट बघणाऱ्या. पक्षी कोणता ते त्यांना माहीत नव्हतं. कावळा आणि कबूतर सोडलं तर बाकी सगळे त्यांच्या लेखी 'तो लहानसा'. पण त्या चित्रात लोक मागे उभे राहून हळू आवाजात म्हणत असत, 'बाईंना त्रास देऊ नका.' एकदा दुकान रिकामं असताना त्यांनी चष्म्याची रिकामी डबी डोळ्याला लावून आरशासमोर जरा वाकून बघितलं. मागून मालकांचा आवाज आला, "डोळ्याला काय झालं बाई?"

"काही नाही, कचरा गेला," बाई म्हणाल्या आणि उगाच डोळा चोळत बसल्या, तो खरोखर लाल होईपर्यंत.

अखेर ठरलं कसं, ते बाईंनी पुढे बरेच दिवस लपवून ठेवलं. एका दुपारी त्या नेहमीसारख्या काउंटरशी उभ्या होत्या, चपटा डाव्या हातात, मोठा समोर. त्या दिवशी मनाचा कौल चपट्याकडे होता. पैसे काढायला त्यांनी पर्ससुद्धा उघडली होती. एवढ्यात लांब केसांची एक बाई आत आली, तिनं सरळ तो मोठा कॅमेरा उचलला, उलटासुलटा बघितला आणि मिशीवाल्यांना विचारलं, "हा शेवटचाच आहे का? देऊन टाका."

"तो माझा आहे!" बाई एवढ्या जोरात म्हणाल्या की त्यांच्या त्याच दचकल्या.

मिशीवाले पेट्या सोडून धावत आले. "मॅडम, तुमचं ठरलं?"

"कधीचंच ठरलंय!" बाईंनी कॅमेरा त्या लांब केसांवालीच्या हातातून जवळजवळ ओढून घेतला. चपटा त्यांनी कधी खाली ठेवला ते त्यांना आठवलंही नाही. परत येताना मोठा खोका छातीशी धरून त्या रस्त्यानं अशा चालल्या, की समोरून येणारी माणसं बाजूला होत होती. वाटेत एकदा त्यांना वाटलं, हे काय करून बसलो आपण. पण तोवर दुकान आलं होतं.

पहिले दोन दिवस कौतुकात गेले. मग खरा प्रकार दिसू लागला. चष्मा काढलेला माणूस आधीच बावचळलेला असतो. त्याच्या तोंडासमोर बाई तो काळा तोफखाना आणून धरायच्या. माणूस ताठ व्हायचा, श्वास धरायचा, छातीचा एक्स-रे काढताना बसतात तसा बसायचा. मग खटकन आवाज व्हायचा, फ्लॅश टुणकन वर उसळून लखकन पेटायचा आणि फोटोत यायचा एक भेदरलेला माणूस, डोळे मिटलेले, फ्रेम मात्र सुंदर. ज्यांचे फोटो चांगले यायचे त्यांची तऱ्हा आणखी वेगळी. कॅमेऱ्यामागच्या पडद्यावर फोटो मोठा करून दाखवला की ती माणसं फ्रेम बघतच नसत. "माझ्या नाकावर इतकी भोकं आहेत?" "हे गालावर काय आलंय?" एक शिक्षिका फ्रेम घ्यायला आल्या होत्या, त्या फोटो बघून थेट कातडीच्या डॉक्टरांचा पत्ता विचारून गेल्या. दुसऱ्या एक बाई मात्र खूश झाल्या, घरी जाऊन केस विंचरून, ओठ रंगवून परत आल्या, पाच-सहा फोटो काढून घेतले आणि चष्मा न घेताच गेल्या.

"आपण चष्मेच विकतो ना अजून?" मालकांनी सौम्यपणे विचारलं.

बाईंनी ठरवलं की चूक जागेची आहे. काउंटरपाशी फार गर्दी होते, जरा मागे सरकून काढावं. त्या मागे सरकल्या. आणखी थोड्या मागे. मासिकात बघितलं होतं तसा एक गुडघा वाकवून आणखी एक पाऊल मागे. तिथं फ्रेमांचा फिरता स्टँड होता. तो बाईंच्या पाठीचा धक्का लागून आधी संथपणे एक फेरा फिरला आणि मग सगळ्या फ्रेमांसकट आडवा झाला. आवाज एवढा झाला की समोरचा फळवाला काय झालं बघायला आला. फोटोसाठी बसलेल्या आजोबांना चष्म्याशिवाय काहीच दिसत नव्हतं. ते शांतपणे म्हणाले, "निघाला का फोटो? मी हललो नाही."

बाई जमिनीवर बसून फ्रेमा वेचत होत्या आणि धरणी पोटात घेईल तर बरं असं त्यांना वाटत होतं. मालकही वाकून वेचू लागले. ओरडले असते तर बाईंना बरं वाटलं असतं; निदान त्यांनी उलट उत्तर दिलं असतं. घरी जाऊन त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं, गुडघा वाकवून दाखवलासुद्धा, आणि वर स्वतःच म्हणाल्या, "आता म्हणा. लिंबू म्हणा."

नवरा म्हणाला, "लागलं नाही ना कुठे?"

हे तर त्याहून वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी बाई वन्सांकडे गेल्या आणि त्यांचा तो चपटा कॅमेरा थोडे दिवस मागून आणला. उघडलेला खोका मिशीवाले परत घेणार नव्हते, आणि मालकांकडे आणखी एक कॅमेरा मागायला तोंड नव्हतं. चपट्यानं काम सरळ होऊ लागलं. गप्पा मारता मारता तो हातातून वर यायचा, बारीकसं टिक व्हायचं आणि माणसाला कळायच्या आत फोटो निघालेला असायचा. सुरुवातीला फार जवळून धरल्यामुळे सगळ्यांची नाकं बटाट्यासारखी यायची, पण एक पाऊल मागे राहून झूम करायचं हे बाईंना लवकरच उमगलं. मागे सरकण्याआधी मागे बघायचं, हेही उमगलं होतंच. अंगठा आवरायला मात्र थोडे दिवस लागले. बहुतेक ते त्या कॅमेऱ्याच्याच अंगात होतं. मोठा कॅमेरा पिशवीत घालून, पिशवी खोक्यात घालून, खोका कपाटात वरच्या फळीवर गेला. कपाट उघडताना बाई त्याच्याकडे बघायचं टाळत.

अशात एके दिवशी रोपवाटिकेत काम करणाऱ्या एक ताई आल्या. पन्नाशी उलटलेल्या, नखांत माती, आवाज मोकळा. चष्मा असा, की काचांच्या कडा फ्रेमच्या बाहेर बोटभर आलेल्या. अशा उणे नंबरच्या जाड काचांमागे माणसाचे डोळे आहेत त्यापेक्षा फार लहान दिसतात. ताईंचे तर वाटाण्याएवढे दिसत होते. शाळेत जायच्या आधीपासून त्यांना हा चष्मा होता. बाईंनी नंबर तपासला, तो होता तसाच निघाला. मग फ्रेम बघायची वेळ आली आणि चपट्या कॅमेऱ्यानं डोळे मिटले. बॅटरी संपली होती. चार्जर वन्सांच्या घरात, आणि वन्सं सहलीला.

बाईंनी उसासा टाकला, कपाट उघडलं, खोक्यातून पिशवी काढली आणि पिशवीतून मोठा कॅमेरा. ताईंनी चष्मा काढून ठेवला होता. त्या डोळे बारीक करून बाईंच्या दिशेनं बघू लागल्या.

"ते काळं काय आहे हो? मांजर पाळलंय का दुकानात?"

"नाही ताई, कॅमेरा आहे."

"अगं बाई! आणि मी त्याला ये ये करणार होते!" ताई खळखळून हसल्या, आणि बाई फक्त चालू होतोय का बघत होत्या तेवढ्यात त्यांचं बोट बटणावर पडलं. खट्.

"काढला?"

"चुकून निघाला. अजून फ्रेम कुठे घातलीय?" बाई ओशाळल्या. मग त्यांनी एकामागून एक तीन फ्रेमा चढवून तीन फोटो काढले. ताई अजिबात ताठ झाल्या नाहीत. समोर काय रोखलंय तेच त्यांना दिसत नव्हतं, तर घाबरणार कशाला? त्या मांजराचंच बोलत राहिल्या.

फोटो काढून झाले. ताईंनी आपला जाड चष्मा लावला आणि दोघी पडद्यावर वाकल्या. शेवटचा फोटो आधी आला, मग त्याच्या आधीचा, मग त्याच्याही आधीचा; तिन्हींत ताईंनी सवयीनं डोळे बारीक केलेले. "ही मधली बरी आहे," ताई म्हणाल्या. "हीच द्या." बाईंना त्यांचा मनोमन हेवा वाटला. त्यांनी सवयीनं बटण आणखी एकदा दाबलं आणि तो चुकून निघालेला फोटो वर आला.

ताई म्हणाल्या, "ही कोण?"

"कोण म्हणजे? तुम्हीच."

"छे. मी अशी नाही."

बाईंनी फोटो मोठा केला. हसणारी एक बाई होती. डोळे मोठे, काळेभोर, पापण्या लांब, कोपऱ्यांत हसण्याच्या बारीक रेषा. ताईंनी काउंटरच्या आरशात बघितलं, तिथं वाटाणे होते. परत पडद्याकडे बघितलं.

"ताई, तुमचे डोळे मुळात मोठेच आहेत," बाई हळू म्हणाल्या. "काचेमुळे लहान दिसतात. तुम्हाला आरशात दिसतात ते काचेतूनच. तुम्ही चष्म्याशिवायचा फोटो कधी काढला नव्हता?"

"लहानपणीचा एक होता म्हणतात, तो कुठे गेला देव जाणे. नंतर चष्मा काढून फोटो कोण काढणार? मी बिनचष्म्याची आरशात बघते, नाही असं नाही. पण नाक टेकवावं लागतं आरशाला. तेव्हा कुठे एक डोळा दिसतो. मग मान वळवून दुसरा." त्या थांबल्या. "दोन्ही एकदम नव्हते बघितले कधी."

बाईंनी कॅमेरा त्यांच्या हातात दिला; धीराचं बोलणं बाईंना कधी जमलं नव्हतं.

"हे आत्याचे डोळे आहेत," ताई एकदम म्हणाल्या. "आमची आत्या फार देखणी. सगळं घर तिचं कौतुक करायचं. आणि मी कुणावर गेले ते कुणाला सांगता यायचं नाही. आईला तर वाटायचं, दवाखान्यात पोरी बदलल्या असतील."

"मग आत्यांना दाखवा की हा."

"आत्या गेली. आणि असती तरी दाखवला नसता! आमचं कधी पटलं नाही. म्हणाली असती, घेतलेस ना माझे डोळे, न विचारता." ताई हसल्या, आणि हसता हसता त्यांच्या काचा आतून धुरकटल्या. बाईंनी हात पुढे करून चष्मा मागून घेतला, फवारा मारला, मऊ कापडानं दोन्ही बाजू स्वच्छ पुसल्या आणि तो त्यांच्या कानांवर नीट बसवला. ते काम बाईंना येत होतं.

"याचा मोठा फोटो करून मिळेल का?" ताईंनी विचारलं. "फ्रेमचा नको. हाच."

फोटो करून मिळाला. त्या दिवशी ताई गेल्यावर बाई मालकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. कपाटातल्या खोक्याचा एवढ्या दिवसांचा सल निघाला होता, त्यामुळे जीभही सुटली. "बघितलंत ना? असे बारकावे चपट्यात आले नसते. म्हणूनच मी मोठा घेतला होता. पुढचा विचार करून."

"हो का?" मालक चष्म्यावरून बघत म्हणाले. "मला वाटलं, त्या लांब केसांच्या बाईला मिळू नये म्हणून घेतलात."

बाईंनी जीभ चावली. मिशीवाले आपला नवा चष्मा न्यायला आले होते तेव्हा सगळं सांगून गेले होते. मालकांना पहिल्यापासून माहीत होतं आणि त्यांनी ताकास तूर लागू दिली नव्हती. बाईंना आधी राग आला, मग इतकं हसू आलं की नंबर काढायला बसलेलं गिऱ्हाईक आतून विचारू लागलं, काय झालं, काय झालं.

पुढे दोन्ही कॅमेरे दुकानात राहिले. वन्सांनी आपला चपटा परत मागितलाच नाही. त्यांना भावानं एक मोठा घेऊन दिला आणि आता माणसं वाकून जातात असं त्या सांगतात, फोटोंत अंगठ्याच्या जागी पट्टा येतो ही गोष्ट वेगळी. फ्रेमसाठी चपटा आणि ज्यांना आपला उघडा चेहरा बघायचा असेल त्यांच्यासाठी मोठा, असं बाईंनी ठरवलं. रोपवाटिकेतल्या ताईंनी कुणाकुणाला सांगितलं देव जाणे, पण जाड काचांची माणसं अधूनमधून येऊन जरा लाजत विचारू लागली, "तो बिनचष्म्याचा फोटो तुमच्याकडेच काढतात का?" बाई त्यांना खुर्चीत बसवत, चष्मा काढून घेत आणि काहीतरी बोलत राहत. काहीजण फोटो बघून खूश व्हायचे, काही लगेच आपला चष्मा परत मागायचे. एकजण म्हणाले, चष्म्यातच बरा होतो.

गच्चीवरचा पक्षीही बाईंनी एकदा करून बघितला. फोटोत एक फांदी आली, सुरेख आली, आणि ती नुकतीच कुणीतरी सोडून गेल्यासारखी वाकलेली होती.

त्या वर्षी मालकांना दुकानात लावायला स्वतःचा एक फोटो हवासा वाटला. बाहेरच्या फोटोग्राफरला बोलवा असं बाईंनी परोपरीनं सांगितलं, पण ते हटून बसले. बाईंनी त्यांना शोकेससमोर उभं केलं, मागे बघितलं, मनातल्या मनात सगळी बटणं आठवली आणि फोटो काढला. छापून आला तेव्हा बाईंनी कपाळाला हात लावला. मालकांच्या मागच्या शोकेसमधली एकूण एक फ्रेम लखलखीत स्पष्ट आली होती, फ्रेमांवरच्या किमतीच्या चिठ्ठ्यासुद्धा वाचता येत होत्या. मालक तेवढे धूसर होते.

"परत काढते," बाई म्हणाल्या.

मालकांनी फोटो हातभर लांब धरला, जवळ धरला, परत लांब धरला. "कशाला? वय अजिबात कळत नाही," ते म्हणाले, आणि खिळा आणायला गेले.